पारा चढायच्या आधी

नव्या वर्षाचं कॅलेंडर खिळ्याला अडकवायचं म्हणून जुनं काढलं आणि फेकायच्या आधी सहज चाळलं. सहज म्हणतो, पण मला फेब्रुवारी बघायचा होता. सत्यभामा, माझी बायको, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला गेली. नऊच्या चौकोनात काहीच नव्हतं. जानेवारीत तिचं अक्षर होतं. 'सिलेंडर लावला', 'गोळ्या आणणे', 'रतनबाईला फोन'. चौथीपर्यंत शिकलेली बाई, अक्षरं मोठी, चौकोनाच्या बाहेर जाणारी. फेब्रुवारीच्या चार तारखेला नुसतं 'मेथी' लिहिलेलं. मेथी आणली होती का आणायची होती, ते आता कळणार नाही. त्यापुढं मार्चपासून सप्टेंबरपर्यंत पानं कोरी. मग ऑक्टोबरचं पान उलटलं आणि हात थांबला. प्रत्येक चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडे होते. ९७.२, ९७.३, ९७.१. असं बारा तारखेपर्यंत. तेराला एकदम ९७.९ आणि त्याच्याशेजारी लाल ठिपका. चौदालाही ठिपका. नोव्हेंबरातही तसंच, अकरा आणि बारा तारखेला. डिसेंबरात दहा आणि अकराला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, विजेच्या मीटरचं काहीतरी असेल. पण असे एकाखाली एक आकडे मी तीस वर्षांपूर्वी बघितले होते, आणि त्यांचा अर्थ मला माहीत होता. माझी सून उज्ज्वला रोज सकाळी उठायच्या आधी ताप मोजत होती. तिला मूल हवं होतं.

ती दूध आणायला गेली होती. मी जुनं कॅलेंडर गुंडाळून कपाटावर ठेवलं, नवं खिळ्याला लावलं आणि अंगणात जाऊन बसलो. ती आली, भांड्यांचा आवाज झाला आणि मग तिचा आवाज आला, "मामा, जुनं कॅलेंडर कुठं हाय?" आवाज नेहमीचा ठेवायचा प्रयत्न होता, पण जमला नव्हता. "कपाटावर ठेवलंय," मी म्हणालो, "फेकलं न्हाई." थोड्या वेळानं च्या आला. आत गेलो तेव्हा नव्या कॅलेंडरात एक तारखेच्या चौकोनात बारीक ९७.३ लिहिलेलं होतं. मी दुसरीकडं बघितलं. सासऱ्यानं बघायची ती गोष्ट नव्हती. मोजणं तिला कुणी सांगितलं हेही मला माहीत नव्हतं. दवाखान्यात कुणीतरी सांगितलं असेल, तीन महिने लिहून आणा. ते लिहून आणा एवढंच सांगतात. त्याचं करायचं काय, ते आपण आपल्या घरच्या शहाणपणानं ठरवतो.

आमच्या घरचं शहाणपण गाईम्हशींचं. मी एकतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. पहिली नेमणूक शिरूर कासारला, शेवटची इथं अंबाजोगाईत. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावर धरून उभं राहणं, हे माझं काम. गाय माजावर आली की शेतकरी ती गाभण करून घ्यायला, आमच्या भाषेत भरून घ्यायला, दवाखान्यात आणायचे. साहेब काम करायचे, मी शेपूट धरायचो. पुढं पुढं साहेब नसले की मीच करायचो. त्याचा एक नियम आहे, आणि तो आमच्या घरात जेवताना इतक्या वेळा बोलला गेला की भिंतींनाही पाठ झाला असेल. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. माजावरची गाय अंगानं गरम लागते. गरम झाली म्हणजे वेळ आली, थोडं थांब आणि कर. माझा मुलगा भारत ह्यावर लहानाचा मोठा झाला. आता तो आष्टीला दूध संकलनावर आहे, म्हणजे तोही गाईम्हशींच्याच बाजूचा माणूस. त्याला कुणी म्हणालं की अंगाचा ताप चढतो, तर त्याच्या मनात काय येणार ते मला वेगळं विचारायची गरज नव्हती.

त्या सकाळी उन्हात बसून मी दुसराच हिशोब लावत होतो, आणि तो लागत गेला तसं मला हसूही येत होतं आणि थोडं वाईटही वाटत होतं. सत्यभामा गेल्यावर चौदाव्या दिवशी भावकी बसली होती. म्हाताऱ्याचं कसं व्हायचं, असा विषय निघाला. मी एकसष्ट वर्षांचा होतो, पण बायको मेली की माणूस एका दिवसात म्हातारा ठरतो. ठरलं असं की उज्ज्वलानं इथं राहायचं. भारतनं आष्टीची खोली सोडली आणि केंद्रावरच्या पोरांबरोबर राहायला गेला. त्याला महिन्याला दोन सुट्ट्या. त्या तो मागेल तेव्हा मिळायच्या. आणि ऑक्टोबरपासून तो मधल्याच वारी यायला लागला. मंगळवारी, बुधवारी, कधी गुरुवारी, संध्याकाळच्या गाडीनं. मी म्हणायचो, पोरगं बापाला बघायला येतं. एकदा माझ्यासाठी स्वेटर आणलं. मी ते घालून योगेश्वरीच्या देवळाकडं फिरायला गेलो आणि भेटेल त्याला सांगितलं, भारतनं आणलं, मधेच सुट्टी काढून आला बघा. तो दिवस अकरा डिसेंबर. अकराला लाल ठिपका होता. चौदा ऑक्टोबरला ठिपका होता, त्या दिवशीही तो आला होता. बारा नोव्हेंबरलाही. पोरगं बापासाठी येत नव्हतं. पारा चढला की उज्ज्वला फोन करायची आणि तो दुसऱ्या दिवशी पोहोचायचा. स्वेटर उबदार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. वाईट ह्याचं वाटलं की तो दर महिन्याला एवढ्या लांबून येत होता आणि दर महिन्याला उशिरा पोहोचत होता. आणि ती चूक माझी होती. माझ्याकडून तिकडं गेलेली.

कारण ती मीच आधी केली होती. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नव्हतं. माझी आई, बायनाबाई, हिनं शिरूरच्या आजूबाजूचा एक देव सोडला नव्हता. शेवटी आम्ही अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात आलो. तिथल्या बाईंनी सत्यभामाला पाऱ्याची नळी दिली आणि सांगितलं, सकाळी जाग आली की उठायचं नाही, बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, जिभेखाली पाच मिनिटं ठेवायची आणि लिहायचं. पारा वाचायला मी शिकवलं. नळी फिरवत राहायची, एका जागी चांदीची रेघ दिसते. तिला पहिल्या दिवशी दिसली नाही, दुसऱ्या दिवशी दिसली आणि मग ती मला शिकवायला लागली, "आसं तिरकं धरा, तुमाला दिसंना का?" ती पाच मिनिटं मला अजून आठवतात. मी घड्याळ धरून बसायचो. ती तोंड मिटून वर पत्र्याकडं बघत पडलेली, केस विस्कटलेले, आणि बाहेरून आईचा आवाज, "अगं ए सत्यभामा, उठली का न्हाई? दिस कासराभर वर आला." हिला उत्तर देता येत नव्हतं. ती माझ्याकडं बघायची, तुमी बोला. मी म्हणायचो, "झोपलीय आई." आई म्हणायची, "झोपू दे, झोपू दे. राणीसायेब हायेत." मग सत्यभामाला नळी तोंडात धरून हसू यायचं, नाकातून आवाज यायचा, आणि मी बोट ओठावर ठेवायचो, कारण नळी हलली की पुन्हा पाच मिनिटं. आईला ही नळी शेवटपर्यंत कळली नाही. तिनं मरेपर्यंत सगळ्यांना सांगितलं, सून गुणाची आहे, पण उठायची लई आळशी. सत्यभामानं कधी खुलासा केला नाही. आईच्या तेराव्याला बायका तेच बोलत होत्या, तेव्हाही ही माझ्याकडं बघून नाकातून हसली होती.

पारा चढला की काय करायचं ते मी ठरवलं होतं. विचारायची गरज वाटली नाही. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस, मला कोण शिकवणार? सकाळी चढला तर संध्याकाळी. दीड वर्ष आम्ही असं केलं. आधीचे दिवस मी उलट जपायचो, बाजूला झोपायचो, ताकद राखून ठेवायची म्हणून. दीड वर्षानं आम्ही वही घेऊन पुन्हा इथं आलो. मी बाहेर बाकावर बसलो, ती आत गेली. आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण डॉक्टरीणबाई हसलेल्या ऐकू आल्या, चांगल्या मोठ्यानं. सत्यभामा बाहेर आली तेव्हा तोंड पदरात. मी विचारलं, काय म्हणाल्या? ती म्हणाली, चला गाडी लागलीय. गाडीत आमच्या बाकावर तिसरा माणूस होता, शेळीचं करडू मांडीवर घेतलेला. ती चार तास एक शब्द बोलली नाही. शिरूरला उतरून घराकडं चालायला लागलो, तेव्हा बाभळी संपल्यावर ती थांबली. "मी काय गाय हाय का?" ती म्हणाली. मला कळलं नाही. "आवो, बाईमाणसाचा पारा चढतो तो समदं उरकल्यावर चढतो. आधीचे चार-पाच दिस कामाचे. तुमी नेमके तेवढे दिस पाठ करून झोपलात, दीड वरीस." मी उभा राहिलो. वाटलं, आता रडेल, दीड वर्ष गेलं म्हणून. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. ती म्हणाली, "गाडी गेल्यावर ठेसनावर जाऊन हुबं राहायचं, आन् वर म्हणायचं, लई नेमानं जातो." आणि हसायला लागली. रस्त्यातच खाली बसून हसली. त्यानंतर पाचव्या महिन्यात पाळी चुकली. पारा चढला तो उतरलाच नाही, अठरा दिवस, वीस दिवस, ती रोज सकाळी मला नळी दाखवायची, मी रोज तिरकी धरून बघायचो. तो भारत.

हे सगळं मला त्या सकाळी एका दमात आठवलं असं नाही. दिवसभर तुकड्यातुकड्यानं येत राहिलं. दुपारी जेवताना, मग पडल्यावर. आणि त्याच्या शेवटी जे यायचं ते आलंच. नऊ फेब्रुवारीच्या सकाळी मला जाग आली तेव्हा ती शेजारी होती. आजारी जनावर दावणीला बसलेलं असलं की आम्ही आधी कानाला हात लावतो. कान गार असला तर साहेबांना पळत बोलवायचं. मी तिला हाक मारली, ती बोलली नाही, आणि माझा हात आपोआप तिच्या कानाकडं गेला. कान गार होता. ते गार मी पुष्कळ दिवस हातात घेऊन फिरलो. उज्ज्वलाच्या हातची भाकरी ताटात यायची, भारत यायचा, तेव्हा थोडं विसरायचो. अलीकडं बरं चाललं होतं, मी समाधानी होतो, हे खरं आहे. पण एक जानेवारीला कळलं की माझं हे बरं चालणं दोन पोरांना वेगळं ठेवून चाललं होतं. आणि सांगणारी घरात राहिली नव्हती. ती असती तर दोन मिनिटांचं काम होतं. स्वयंपाकघरात सुनेच्या कानात सांगितलं असतं, दोघी हसल्या असत्या, मला कळलंही नसतं. सासऱ्यानं सुनेला हे कसं सांगायचं? आमच्यात सासरा सुनेच्या खोलीकडं जाताना खोकतो. थोरली बहीण रतनबाई शिरूरला आहे, तिला सांगितलं असतं, पण रतनबाईला सांगणं म्हणजे आठवडी बाजारात सांगणं.

म्हणून संध्याकाळी भारतला फोन लावला. देवळाच्या मागं एका बाजूला उभा राहिलो. म्हणालो, "भारत, तुला ते ध्यानात हाय का, सकाळी माज तर संध्याकाळी?"

"हाय की. कावून, अण्णा?"

"ते गाईचं हाय."

"गाईचंच हाय ना."

"हां. गाईचंच. म्हशीला चालतं. पण समद्यांनाच चालत न्हाई."

"समद्यांना म्हंजे? शेळीला?"

"शेळीचं सोड. आपण गाईचं गाईपाशी ठेवावं."

तो मग म्हणाला, "अण्णा, कुणाची गाय हाय? आपल्याकडं तर गाय न्हाई."

"न्हाई. गाय न्हाई."

"बीपीची गोळी घेतली का तुमी?" त्यानं विचारलं, अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं. मी म्हणालो, घेतली. घरी आलो तर उज्ज्वला दारात उभी. भारतचा तिला फोन येऊन गेला होता. तिनं गोळ्यांची डबी तपासली आणि माझ्याकडं काळजीनं बघितलं. म्हणजे झालं ते वाईटच झालं.

दुसऱ्या दिवशी, दोन तारखेला, मी जुनं कॅलेंडर पुन्हा बघितलं, ह्या वेळी चोरून. डिसेंबरच्या चोवीस तारखेला तिनं पाळीची फुली केली होती. बोटांवर मोजलं. मागच्या दोन्ही वेळा फुलीपासून सोळाव्या दिवशी पारा चढला होता. म्हणजे आता आठच्या आसपास. म्हणजे कामाचे दिवस उद्यापासून. आणि भारत येणार नऊला. पुन्हा महिना जाणार, आणि ती पुन्हा फुली करणार, आणि मला ती फुली आता वाचता येणार होती. हे मला सहन होईना.

संध्याकाळी ती चुलीपाशी भाकरी थापत होती. गॅस आहे, पण बाजरीची भाकरी ती मागच्या दारी चुलीवरच करते. तिची पाठ माझ्याकडं होती. मी उंबऱ्याच्या आत पाटावर, ताट पुढं. पाठ होती म्हणून बोलू शकलो.

"उज्ज्वला."

"हां मामा. वाढू का अजून?"

"न्हाई. ते कॅलेंडरावरचं."

थापायचा आवाज थांबला.

"तुझ्या सासूनंबी लिवलं होतं तसं," मी म्हणालो, "भारतच्या आधी. दीड वरीस आमी चुकलो. चूक माझी, तिची न्हाई. मी गाईचं गणित लावलं. बाईमाणसाचा पारा उरकल्यावर चढतो. त्याच्या आधीचे पाच दिवस धरायचे. तिनंच सांगितलं होतं मला. तुला सांगायला ती राहिली न्हाई म्हणून मी सांगतो. भारतवर रागवू नको, त्यानं माझंच ऐकलं असंल."

एवढं बोलून मी ताटाकडं बघत बसलो. ठेच्यात एक शेंगदाणा अख्खा राहिला होता. तव्यावरची भाकरी करपायला लागली, वास आला, तरी ती हलली नाही. माझे कान तापले होते. वाटलं, उठून निघून जावं, पण जाणार कुठं? मग ती न वळता म्हणाली, "आत्याबाईंनी सांगितलं होतं हे?"

"तिनंच."

"मग ऑक्टोबरातच कावून न्हाई सांगितलं मामा? रोज त्याच कॅलेंडराखाली बसून च्या पिता की."

"मी वर बघत न्हाई," मी म्हणालो. ते खरं होतं. फेब्रुवारीपासून मी कॅलेंडरात तारीख बघितली नव्हती.

तिनं भाकरी उलटली, काळी पडलेली, बाजूला टाकली. पिठाच्या हातानं बोटं मोजली. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजली. "म्हंजे उद्यापासूनच," ती स्वतःशीच म्हणाली. मी म्हणालो, "तू आष्टीला जातीस का? मी करून खाईन. भाकरी काय, शिकंन."

"तिथं एका खोलीत चौघं झोपतात, मामा."

ती फोन घेऊन परसात तुळशीपलीकडं गेली. आवाज दाबला होता, तरी तुटक ऐकू येत होतं. "उद्याच या... न्हाई, चढला न्हाई. चढायच्या आधीच... आवो, अण्णांनी सांगितलं... हां, तुमच्याच अण्णांनी... गाय? कसली गाय?" मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. आत आली तेव्हा ओठ दाबून धरले होते. चुलीपाशी बसली, नवा गोळा घेतला आणि थापता थापता म्हणाली, "मामा, रतन आत्या दिवाळीपासून बोलवत्यात तुमाला."

मी म्हणालो, "बोलवती खरं. पण तिच्याकडं काय जायचं, दिवसभर बोलत राहती."

"थंडीचं तिकडं बरं वाटंल. हुरडा आला आसंल."

"हुरडा इथंबी मिळतो."

ती भाकरी थापत राहिली, जरा जोरात. आमचं घर दोन खोल्यांचं. मधली भिंत पत्र्यापर्यंत पोहोचत नाही, वरती हातभर मोकळं आहे. माझा खोकला पलीकडं जातो, तिकडचं बोलणं इकडं येतं. मी भिंतीकडं बघितलं, त्या मोकळ्या जागेकडं बघितलं, आणि मग कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "सकाळची गाडी कितीला हाय?" मी विचारलं. ती म्हणाली, "साडेनऊला." लगेच म्हणाली. तिनं आधीच बघून ठेवलं होतं.

सकाळी तिनं पिशवी भरून दिली. चार सदरे, गोळ्या, स्वेटर, बांधून दिलेल्या भाकऱ्या. दोनच्या सुमाराला शिरूरला उतरलो. जानेवारीत गाव निम्मं रिकामं असतं. रतनबाईच्या गल्लीत चार दारांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. ती ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मला बघून सूप खाली ठेवलं.

"कावून आलास रे हनमा? ना फोन, ना निरोप."

"सहज."

"सहज येणाऱ्याची पिशवी एवढी आसती व्हय?" तिनं पिशवी ओढून घेतली, आत हात घातला, सदरे मोजले. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं. "खरं सांग. सुनेनं हाकललं का?"

नाही म्हणालो असतो तर तिनं संध्याकाळपर्यंत खणून काढलं असतं. मी चपला काढल्या, बाजेवर बसलो, पाय लांब केले. ऊन चांगलं होतं.

"हाकललं," मी म्हणालो.

"मला वाटलंच होतं!" ती ओरडली, आणि आजकालच्या पोरींवर सुरू झाली. ऐकायला गल्लीत कुणी नव्हतं, तरी आवाज कमी केला नाही. बोलता बोलता आत गेली, पाणी आणलं, पुन्हा आत गेली, पिठाचा डबा आपटल्याचा आवाज आला. मग तशीच दारात आली.

"आन् हसतोस कावून बे? लाज न्हाई वाटत?"

"भाकरी टाक," मी म्हणालो. "पाच-सहा दिवस राहणार हाय."